डोंगर, वारा आणि हवेची उतरंड

कोलकात्याच्या ईशान्येला वसलेलं न्यू टाउन हे सपाटीचं शहर आहे. समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच. चढ म्हणावा तर उड्डाणपुलांचा. घाटमाथा बघत वाढलेल्या मराठी माणसाला इथं चुकल्याचुकल्यासारखं होतं ते क्षितिजामुळे, कारण कुठल्याच दिशेला डोंगराची रेघ नाही. आणि तरी एप्रिलमधल्या एखाद्या संध्याकाळी वायव्येचं आभाळ काळंठिक्कर पडतं, दहा-पंधरा मिनिटांत उकाडा पळतो, फलक फाटतात, झाडं आडवी होतात. बंगालीत या वादळाला कालबैशाखी म्हणतात. आपल्या वळवाची ही तापट थोरली बहीण. 17 एप्रिल 2018 च्या संध्याकाळी अशाच वादळात कोलकात्यात वाऱ्याचा वेग ताशी 98 किलोमीटरवर गेला होता.

या वादळांचा माग काढला तर तो सुमारे 300 किलोमीटरवरच्या छोटा नागपूरच्या पठारापर्यंत जातो. इथली थंडी सौम्य का, पावसाळी वारा बंगालवर येऊन पश्चिमेला का वळतो, हे विचारलं तर बोट हिमालयाकडे आणि म्यानमारच्या आराकान डोंगरांकडे जातं. सपाट गावाचं हवामान दूरचे डोंगर ठरवतात ते असं.

डोंगर वाऱ्याचं काय करतो याचं उत्तर आपल्याला शाळेतच मिळालेलं असतं. वारा अडतो, वर चढतो, थंड होतो, पाऊस पाडतो, आणि पलीकडे पर्जन्यछाया. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. वारा दर वेळी चढतोच असं नाही. कधी तो वळसा घालतो, कधी डोंगराच्या पायथ्याशी तुंबून राहतो, कधी चढून पलीकडे अशी उडी घेतो की विमान मोडावं. यातलं काय घडणार हे डोंगराच्या उंचीइतकंच हवेच्या थरांवर अवलंबून असतं. गेल्या शंभर वर्षांत या विषयाचा अभ्यास पुढे गेला तो या एका गोष्टीच्या आधारानं.

रचलेली हवा

हवा एकजिनसी वाटते, पण ती उतरंडीसारखी रचलेली असते. जड मडकं खाली, हलकं वर. कोरडी हवा वर ढकलली की ती फुगते आणि दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी थंड होते. भोवतालच्या हवेचं तापमान मात्र सरासरीनं किलोमीटरला साडेसहा अंशांनीच उतरतं. त्यामुळे वर गेलेली हवा शेजारणीपेक्षा थंड आणि जड ठरते व खाली येऊ लागते. येताना ती मूळ पातळी ओलांडून जाते, मग पुन्हा वर फेकली जाते. पाळण्यासारखी ही ये-जा असते आणि नेहमीच्या हवेत एका झोक्याला साधारण दहा मिनिटं लागतात. फिनलंडचे व्हिल्हो व्हायसाला आणि ब्रिटनचे डेव्हिड ब्रंट यांनी 1920 च्या दशकात या झोक्याचं गणित स्वतंत्रपणे मांडलं. म्हणून आजही ही वारंवारता दोघांच्या नावांनी ओळखली जाते.

ओढ्यातल्या दगडावरून पाणी जातं तेव्हा खळबळ पाण्याच्या पृष्ठभागावर दिसते. थरांच्या हवेत प्रत्येक थर हा असा पृष्ठभागच असतो. डोंगरानं एक थर उचलला की वरचे सगळे थर हलतात आणि ही हालचाल लहरी होऊन वर आणि पुढे पसरते. या गुरुत्व लहरी. हिंगोली जिल्ह्यात उभ्या राहणाऱ्या लायगो वेधशाळेत पकडायच्या आहेत त्या गुरुत्वीय लहरी वेगळ्या. त्यांचा जन्म कृष्णविवरांच्या टकरीत होतो, या लहरींना साधा डोंगर पुरतो.

चढायचं की वळायचं?

वारा डोंगर चढेल का, याचा अंदाज तीन गोष्टींवरून बांधता येतो: वाऱ्याचा वेग, थरांचा घट्टपणा आणि डोंगराची उंची. या तिघांच्या गुणोत्तराला एकोणिसाव्या शतकात जहाजांच्या लाटांवर काम करणाऱ्या विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याचं नाव मिळालं आहे. थर सर्वसाधारण घट्ट असतील तर ठोकताळा सोपा आहे. वाऱ्याचा सेकंदाला मीटरमधला वेग घ्या आणि शंभरानं गुणा. साधारण तितके मीटर वारा चढू शकतो. सेकंदाला 10 मीटर, म्हणजे ताशी 36 किलोमीटरचा वारा हजारेक मीटर चढेल.

आता आपले दोन पर्वत या तागडीत घालून पाहा. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचा माथा ढोबळ मानानं हजार मीटरचा. म्हणजे मोसमी वारा जोरात असला की सह्याद्री पार होतो आणि मंदावला की अडखळतो. पाच-सहा हजार मीटरच्या हिमालयासाठी मात्र ताशी 200 किलोमीटरच्या आसपासचा वारा लागेल. जमिनीलगत असा वारा रोज कुठून आणायचा? म्हणून सह्याद्री हा वाऱ्याचा उंबरठा आहे, तर हिमालय ही भिंत.

या ठोकताळ्यात एक मोठी सूट आहे. हवा दमट असेल तर चढताना तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं, उष्णता बाहेर पडते आणि हवा तितकी थंड होत नाही. परत खाली ओढणारा जोर कमी होतो. ओल्या हवेला डोंगर ठेंगणा वाटतो. जुलैतला वारा घाट चढून येतो त्यात या उष्णतेचा वाटा मोठा असतो.

सह्याद्रीचा उंबरठा

सह्याद्रीला भिडणारा वारा मुळातच एका पर्वतानं वळवलेला असतो. दक्षिण गोलार्धातून निघालेली हवा पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशाला पश्चिमेकडे ओलांडू शकत नाही. ती त्याच्या कडेनं उत्तरेला सरकते आणि सोमालियाजवळून अरबी समुद्रात झोत होऊन उतरते. जे. फिंडलेटर यांनी 1969 मध्ये हा झोत तपशिलानं मांडला. त्याचा गाभा जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर असतो, म्हणजे आपल्या घाटमाथ्याच्या जरा वर.

हा झोत सह्याद्रीवर आदळतो तिथं वाऱ्याची वर चढणारी वाट डोळ्यांना दिसते. नाणेघाटात जुलै-ऑगस्टमध्ये कड्यावरून पडणारं पाणी वारा उलटं वर फेकतो, तो उलटा धबधबा त्याच वाटेची खूण. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून खाली टाकलेली हलकी वस्तू परत वर येते, तीही त्यामुळेच. याच कड्यावरची एक जुनी नोंद अधिक बोलकी आहे. कर्नल साइक्स यांनी 1835 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात इथल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचं वर्णन केलं. आपले गिर्यारोहक त्याला इंद्रवज्र म्हणतात. त्याच वर्णनात ते सांगतात की कोकणातलं धुकं कधीकधी कड्याच्या माथ्याहून थोडं वर येई, पण पठारावर सरकत नसे. थरांच्या हवेचं याहून नेटकं चित्र मिळणं अवघड. धुकं माथ्यापर्यंत पोचलं होतं, पण उंबरठा ओलांडण्याइतका जोर त्याच्यामागे नव्हता.

पावसाचे आकडे सगळ्यांना माहीत असतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुण्यात सव्वासातशेच्या आसपास. पण गणितानं हा फरक काढून दाखवायला 1966 साल उजाडलं. आर. पी. सरकार यांनी सह्याद्रीवरून वाहणाऱ्या, थरांच्या ओल्या हवेचं प्रारूप मांडलं. किनाऱ्याकडून वर येताना पाऊस वाढतो, माथ्याच्या थोडा अलीकडे कमाल गाठतो आणि पलीकडे झपाट्यानं घटतो, हे त्यातून बाहेर पडलं.

मग एक अडचण पुढे आली. पाऊस डोंगराच्या उतारावर पडावा हे ठीक, पण बऱ्याच दिवशी तो डोंगरापासून कितीतरी दूर, भर समुद्रावर पडतो. तिथं चढ कुठला? रोनाल्ड स्मिथ आणि युह-लँग लिन यांनी 1983 मध्ये दाखवलं की नुसत्या उतारावरच्या चढाईनं हा पाऊस समजत नाही. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ग्रॉसमन आणि डेल डुरान यांनी 1979 च्या मोसमी मोहिमेतल्या विमानांच्या नोंदी वापरून सुचवलं की सह्याद्रीची चाहूल वाऱ्याला समुद्रावरच लागते. पुढची हवा मंदावते, मागची तिच्यावर चढते आणि किनाऱ्यापासून दूर ढगांचे मनोरे उभे राहतात. उपग्रहांचे रडार आल्यावर हे चित्र साऱ्या आशियाचं असल्याचं दिसलं. शांग-पिंग शी आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवलं की सह्याद्री, आराकान किनारा आणि व्हिएतनाम-लाओसमधली रांग असे अरुंद डोंगर मोसमी पावसाचे पट्टे जागच्या जागी खिळवून ठेवतात.

या वादात अलीकडे भर घातली ती जयेश फडतरे आणि सहकाऱ्यांनी. सह्याद्रीसमोरचे दिवस त्यांनी फ्राउड अंकानुसार वेगळे केले. वारा जोरात, अंक मोठा, तेव्हा पाऊस घाटावर. वारा मंद, अंक लहान, तेव्हा पाऊस अलीकडे, समुद्राकडे सरकतो. 2022 मध्ये आलेल्या या कामानं जुन्या मतांना एका रेषेवर बसवलं. सरकारांचा सह्याद्री आणि ग्रॉसमन-डुरान यांचा सह्याद्री एकच आहे, दिवस वेगळे आहेत. हवामानाच्या बातमीतलं 'घाटमाथ्यावर जोरदार' हे वाक्य ऐकताना हा फरक ध्यानात ठेवावा.

पलीकडच्या लहरी

वारा डोंगर उतरतो तेव्हाही गोष्ट संपत नाही. झोका सुरूच असतो. वारा सेकंदाला 20 मीटर असेल आणि एका झोक्याला दहा मिनिटं लागत असतील, तर डोंगरापलीकडे साधारण बारा किलोमीटरच्या अंतरानं हवेचे उंचवटे आणि खळगे तयार होतात. उंचवट्यावर भिंगाच्या आकाराचे ढग दिसतात. वारा त्यांच्यातून वाहत असतो, पण ढग जागचे हलत नाहीत.

या लहरी आधी सापडल्या त्या वैमानिकांना. 1933 मध्ये जर्मनीतल्या ग्रुनाऊजवळ वोल्फ हिर्थ आणि इतर ग्लायडर चालकांना डोंगराच्या मागच्या बाजूला वर नेणारी हवा मिळाली. मागोमाग सिद्धान्त आले. फ्रान्सचे पॉल केने यांनी 1948 मध्ये आणि ब्रिटनचे आर. एस. स्कोरर यांनी 1949 मध्ये कुठली लहर वर जाते आणि कुठली खालच्या थरात अडकून लांबवर पसरते याची अट घालून दिली. वर जाणारी लहर विरळ हवेत पोचता पोचता मोठी होत जाते. 2 सप्टेंबर 2018 रोजी अर्जेंटिनात पर्लान 2 हे इंजिन नसलेलं विमान अँडीजच्या अशाच लहरींवर स्वार होऊन 76 हजार फुटांच्या वर गेलं.

याच लहरी जीव घेतात. 5 मार्च 1966 रोजी जपानच्या फुजी पर्वताजवळ एक बोइंग 707 प्रवासी विमान हवेतच मोडलं आणि सगळे 124 जण गेले. 11 जानेवारी 1972 ला अमेरिकेतल्या बोल्डर गावावर रॉकीज पर्वतावरून उतरलेल्या वादळी वाऱ्याच्या विमानांनी घेतलेल्या नोंदी पुढे या विषयाचा आदर्श नमुना ठरल्या. उतारावर लहर फुटते आणि वारा धरणाच्या सांडव्यावरच्या पाण्यासारखा खाली कोसळतो, हे त्यातून दिसलं.

मग पावसाळ्यात पुण्यावर असं काही का होत नाही? त्याचं उत्तरही थरांतच आहे. पावसाळ्यात खाली पश्चिमेचा वारा असतो, पण वर जाता जाता तो मंदावतो आणि उलटतो. पी. कोटेश्वरम यांनी 1958 मध्ये वर्णन केलेला पूर्वेचा उच्च झोत साधारण 14 किलोमीटरवर उलट दिशेनं वाहत असतो. मध्ये कुठेतरी वाऱ्याचा वेग शून्य होतो आणि जागच्या जागी उभी असलेली लहर ती पातळी ओलांडू शकत नाही. सह्याद्रीच्या पावसाळी लहरींवर निसर्गानंच झाकण ठेवलं आहे. आपल्या वाट्याला येतो तो उतरताना कोरडा झालेला, भणाणणारा वारा आणि पुण्याची भुरभुर. त्याच वाऱ्याचा माथ्यावर वाढलेला वेग साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारांवरच्या पवनचक्क्या फिरवतो.

हिमालयाची भिंत

हिमालयासमोर वारा वळतो किंवा थांबतो. सायबेरियाची थंड, जड हवा दक्षिणेला येऊ पाहते, पण तिला भिंत ओलांडता येत नाही. चीनच्या पूर्व भागात अशी आडवी भिंत नसल्यानं ती थेट हाँगकाँगपर्यंत उतरते. न्यू टाउन आणि हाँगकाँग जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, तरी जानेवारीचं सरासरी तापमान हाँगकाँगला सोळा-सतराच्या घरात आणि कोलकात्यात विसाच्या आसपास असतं. या उबेची किंमतही आहे. हिवाळ्यात वारा भिंतीच्या कडेकडेनं गंगेच्या मैदानातून पूर्वेला सरकतो आणि उत्तरेची धूळ-धुरकट हवा बंगालपर्यंत घेऊन येतो. जमिनीलगत गार आणि वर उबदार असा घट्ट थर बसला की ती सकाळभर तिथंच कोंडून राहते.

पावसाळ्यात उलट प्रवास होतो. बंगालच्या उपसागरावरचा नैर्ऋत्येचा वारा आराकान आणि ईशान्येच्या डोंगरांना अडून उत्तरेला, मग हिमालयाला अडून पश्चिमेला वळतो. म्हणून बिहार-उत्तर प्रदेशात पाऊस घेऊन येणारा वारा पूर्वेचा असतो.

हिमालयाचा आणि मोसमी पावसाचा संबंध शोधण्याची सुरुवात कोलकात्यातच झाली. 1864 च्या चक्रीवादळानं हे शहर उद्ध्वस्त केलं, मागून दुष्काळ आले, आणि 1875 मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन होऊन हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. हिमालयावरचं बर्फ आणि मैदानातला दुष्काळ यांची सांगड घालणारा निबंध त्यांनी 1884 मध्ये लिहिला. खात्याचं मुख्यालय 1905 मध्ये शिमल्याला आणि 1928 मध्ये पुण्याला गेलं. शिवाजीनगरच्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात, ते त्या स्थलांतरामुळे. कोलकात्यात सुरू झालेला प्रश्न पुढे पुण्यात सोडवला जात राहिला तो असा.

तो प्रश्न अजून मिटलेला नाही. तिबेटचं पठार उन्हाळ्यात तापतं आणि मोसमी वारे खेचून घेतं, हे मत बरीच दशकं चाललं. 2010 मध्ये विल्यम बूस आणि झिमिंग कुआंग यांनी संगणकी प्रारूपातून पठार काढून टाकलं, फक्त हिमालयाची अरुंद भिंत ठेवली, आणि भारतातला मोसमी पाऊस बराचसा तसाच राहिला. भिंत उत्तरेची कोरडी, गार हवा भारतातल्या उष्ण, दमट हवेत मिसळू देत नाही, हेच तिचं मुख्य काम, असं त्यांचं म्हणणं. चीनचे वू ग्वोशियोंग आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये उतारांच्या तापण्याची बाजू पुन्हा लावून धरली. आज पारडं भिंतीकडे झुकलेलं आहे, पण उतारांची बाजू कोणी निकालात काढलेली नाही.

झाकण आणि वादळ

आता न्यू टाउनच्या संध्याकाळकडे परत येऊ. रांचीचं पठार समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास. एप्रिलच्या उन्हात ते तापतं आणि त्यावरची कोरडी हवा बऱ्याच उंचीपर्यंत ढवळली जाते. वरच्या पश्चिमेच्या वाऱ्यानं ती पूर्वेला सरकते. पठार संपतं, जमीन खाली जाते, हवा मात्र त्याच पातळीवर राहते आणि बंगालवर झाकणासारखी बसते. तिच्याखाली उपसागरावरून येणारी दमट हवा दिवसभर साठत जाते. झाकण नसतं तर ही वाफ दुपारी लहानसहान ढगांत उडून गेली असती. झाकणामुळे ती दाबून राहते. पठाराच्या कडेवर कुठेतरी झाकण फुटतं, ढगांचे मनोरे उभे राहतात आणि ताशी पन्नास-साठ किलोमीटरनं आग्नेयेला सरकत रात्रीच्या तोंडावर कोलकात्यावर येतात.

अमेरिकेच्या मैदानातल्या वादळांमागे मेक्सिकोच्या पठाराची अशीच तापलेली हवा असते, हे टोबी कार्लसन आणि फ्रँक लडलम यांनी 1968 मध्ये मांडलं. इथं उंबरठाही नाही आणि भिंतही नाही. डोंगर काही अडवत नाही, काही वळवत नाही. तो फक्त हवेचा एक थर बनवतो आणि दूरच्या सपाटीवर पाठवून देतो. शाळेतल्या व्याख्येत डोंगराचं हे तिसरं काम बसत नाही, पण न्यू टाउनच्या माणसाच्या पदरी तेच पडतं.

अंदाज कुठे अडतो

डोंगराच्या लहरी वाऱ्याची गती खातात हे 1986 मध्ये ब्रिटनच्या टिम पामर आणि सहकाऱ्यांनी जागतिक प्रारूपात घातलं, आणि हिवाळ्यातल्या पश्चिमी वाऱ्यांचे फुगलेले अंदाज ताळ्यावर आले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं विकसित केलेली भारत फोरकास्ट सिस्टम 26 मे 2025 पासून 6 किलोमीटरच्या जाळीवर चालते. आधीची 12 किलोमीटरची होती. सुधारणा मोठी आहे, तरी कोकणकडा आणि त्याचा पायथा एका चौकटीत मावतात. यंत्राला कडा दिसत नाही, सौम्य उतार दिसतो.

माझ्या मते त्याहून मोठी उणीव मोजमापाची आहे. महाबळेश्वरला 2012 पासून ढगांची उच्चस्थानी प्रयोगशाळा आहे, मुंबई-गोव्यातून आणि पुण्यातून हवेचे थर मोजणारे फुगे सुटतात. पण पावसाचा निर्णय जिथं होतो त्या सह्याद्रीसमोरच्या समुद्रावर हवेचे थर रोज मोजणारं कायमचं ठाणं असायला हवं. छोटा नागपूरच्या पूर्व कडेचंही तसंच. डोंगराची उंची नकाशात एकदा छापली की पिढ्यान् पिढ्या पुरते. थर रोज बदलतात, त्यामुळे ते रोजच मोजावे लागतात.

न्यू टाउनला लागून असलेल्या दमदमच्या विमानतळावरून, सकाळी साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या नोंदींसाठी, दिवसातून दोनदा असा फुगा सुटतो. वायव्येच्या पठारानं आज बंगालवर किती जाड झाकण ठेवलं आहे, ते त्याच्या तापमानाच्या रेघेवरून वाचता येतं.